‘मला खूप आवडलं’च्या पुढे काय लिहायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: आठ महिन्यांपासून स्टाइल आणि ब्यूटीचा ब्लॉग लिहिताय, दर महिन्याच्या शेवटी ‘या महिन्यातल्या आवडत्या वस्तू’ असा लेख टाकता, फोटोंवर मेहनत घेता, ओळखीचे लोक कौतुकही करतात. पण अनोळखी वाचक येत नाहीत आणि आलेले पुन्हा फिरकत नाहीत. वस्तू निवडायच्या कशा, त्यांच्यावर लिहायचं कसं आणि वाचक वाढवायचे कसे, हे तिन्ही एकत्र विचारलंत ते बरं झालं, कारण तिन्हींची गाठ एकाच ठिकाणी आहे.

‘मऊ लागते’, ‘दिवसभर टिकते’, ‘रंग सुंदर आहे’ या वाक्यांवरून वाचणारीला स्वतःसाठी काहीही ठरवता येत नाही. तिची त्वचा तेलकट असेल आणि तुमची कोरडी. तिचा दिवस उन्हात जात असेल आणि तुमचा एसीत. कोणाच्या त्वचेवर, किती प्रमाणात, कशाच्या वर लावली, किती तास झाले आणि उजेड कुठला होता, एवढं कळलं की तुमची आवड तिच्या कामाची होते. लोक शोधत असतात तेही नेमकं हेच, त्यामुळे ब्लॉग वाढण्याची वाटही इथूनच जाते.

सुरुवात स्वतःच्या त्वचेची नीट ओळख करून देण्यापासून करा. सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवा, काहीही न लावता तासभर थांबा आणि कपाळ, नाक, गाल, हनुवटी यांवर टिश्यूचे वेगवेगळे तुकडे दाबून बघा. कुठल्या तुकड्यावर तेलाचा डाग उमटला, कुठे त्वचा ओढल्यासारखी वाटतेय, ते लिहून ठेवा. ‘मिश्र त्वचा’ एवढंच लिहिण्यापेक्षा ‘नाक आणि कपाळ तेलकट, गाल कोरड्या हवेत सोलवटतात, पिंपल गेल्यावर डाग महिनोन्‌महिने राहतात’ असं लिहिलं तर वाचणारी लगेच स्वतःशी ताडून बघते. या दोन ओळी प्रत्येक लेखाच्या वरच्या भागात हव्यात. ‘माझ्याविषयी’च्या पानावर जाऊन त्या शोधायला कोणी बसत नाही.

आता वापरून बघण्याचा काळ. महिन्याला दहा आवडत्या वस्तू, हे गणितच चुकीचं आहे. तरुण त्वचेच्या वरच्या थराचं चक्र साधारण २८ दिवसांचं असतं आणि वयाबरोबर ते लांबतं. मॉइश्चरायझर किंवा सीरमबद्दल चार आठवड्यांच्या आत ठाम बोलता येत नाही. पिंपल किंवा डागांसाठी काही लावत असाल तर आठ ते बारा आठवडे लागतात. लिपस्टिक, मस्कारा, फाउंडेशन यांचं उत्तर लवकर मिळतं, पण तिथेही किमान तीन पूर्ण दिवस हवेत: एक घरातला, एक उन्हातला आणि एक लांबलचक.

एका वेळी चेहऱ्यावर एकच नवी वस्तू आणा आणि पुढची आणण्याआधी दोन आठवडे जाऊ द्या. तीन नव्या बाटल्या एकाच दिवशी उघडल्या आणि पुरळ उठलं, तर दोष कुठल्या बाटलीचा ते कळायला मार्ग उरत नाही. चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला, रोज त्याच जागी, दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघा. पुष्कळ ठिकाणी ‘२४ तास थांबा’ असं लिहिलेलं असतं. पण अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया बहुतेकदा ४८ ते ७२ तासांनी दिसते, आणि कधी कधी तिला त्याहून जास्त दिवस लागतात. म्हणून आठवडा.

सनस्क्रीनवर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुकीचं लेखन याच वस्तूवर होतं. डबीवरचा एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा) मोजताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. चेहरा आणि मान मिळून तो हिशोब जवळजवळ तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या पट्ट्यांएवढा येतो. बहुतेक जण लावतात वाटाण्याएवढं. मग ‘अजिबात पांढरट दिसत नाही, चिकट नाही, मेकअपखाली छान बसतं’ असं लिहिलं जातं. वाटाण्याएवढं लावलं तर बहुतेक सनस्क्रीन चांगलंच वाटणार! दोन बोटं भरून लावा, १५ मिनिटं थांबा आणि मग लिहा: भुवयांत आणि केसांच्या कडेला पांढरं अडकलं का, घाम आल्यावर डोळे चुरचुरले का, कॉलरवर डाग पडला का. घराबाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं, तर दुसरा थर पहिल्यावर कसा बसतो तेही बघा. एसपीएफ ३० आणि ५० मधला फरक वाटतो तेवढा मोठा नाही. नीट प्रमाणात लावलं तर पहिला सुमारे ९७ टक्के आणि दुसरा सुमारे ९८ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारी अतिनील) किरणं अडवतो. प्रमाण कमी पडणं हे आकड्याच्या फरकापेक्षा कितीतरी महागात पडतं. फाउंडेशनमधल्या एसपीएफवर विसंबू नका, असं वाचकांना स्पष्ट सांगा, कारण तेवढ्या प्रमाणात फाउंडेशन कोणीच लावत नाही. आणि एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो. यूव्हीएपासून (त्वचेत खोलवर जाणाऱ्या अतिनील किरणांपासून) संरक्षण आहे का, ते डबीवर वेगळं बघावं लागतं.

सनस्क्रीनवर मेकअप करताना खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या सुटतात, ही कायमची तक्रार. कारणं साधारण तीन: खालचा थर वाळायच्या आत वरचा लावणं, बोटानं घासणं आणि एकावर एक सिलिकोन किंवा जेलचे पातळ पडदे धरणाऱ्या वस्तू चढवणं. थरांमध्ये पाच ते दहा मिनिटं जाऊ द्या, वरचा थर थोपटून बसवा, आणि तरीही वळ्या आल्या तर सीरम न लावता पुन्हा करून बघा. कुठल्या दोन वस्तूंची जोडी जमत नाही हे नावानिशी लिहिलंत, तर तेवढ्या एका ओळीसाठीही लोक लेख जपून ठेवतात.

फाउंडेशनची शेड मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेवरून मानेकडे उतरणाऱ्या तीन शेडच्या तीन पट्ट्या ओढा, खिडकीपाशी उभं राहून फोटो काढा आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा काढा. या अर्ध्या तासात फॉर्म्युल्यातलं पाणी आणि उडून जाणारे घटक उडतात, रंगद्रव्य त्वचेच्या तेलात मिसळतं आणि बऱ्याच फाउंडेशनचा रंग अर्ध्या-एका शेडनं गडद किंवा नारिंगी होतो. लावताक्षणी जी पट्टी नाहीशी झाल्यासारखी वाटली होती तीच आता उठून दिसते, आणि जी थोडी फिकट वाटली होती ती मानेच्या रंगात मिसळून जाते. हे दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवलेत तर शब्दांची गरजच पडणार नाही. एक फोटो फ्लॅशचाही काढा. काही सनस्क्रीन आणि पावडरींमुळे चेहरा मानेपेक्षा पांढराफटक येतो आणि ते आरशात कधीच कळत नाही.

लिहिण्यातला फरक एका उदाहरणावरून बघा. नेहमीचं वाक्य असं असतं: ‘हे फाउंडेशन अप्रतिम आहे, दिवसभर हलत नाही.’ त्याऐवजी असं: ‘नाक-कपाळ तेलकट असलेल्या चेहऱ्यावर, सनस्क्रीननंतर १५ मिनिटांनी, दीड पंप, ओल्या स्पंजनं. चौथ्या तासाला नाकपुडीच्या कडेनं फाटलं, गालांवर आठव्या तासालाही जसंच्या तसं. फक्त नाकाला पावडर लावली त्या दिवशी नाकावरही सहा तास निघाले.’ दुसऱ्यात ‘अप्रतिम’ कुठेच नाही, तरी घ्यायचं की नाही हे वाचणारीला ठरवता येतं. कोरड्या त्वचेची वाचकसुद्धा यातून स्वतःपुरता अंदाज काढते.

लिपस्टिकचा रंग हातावर वेगळा आणि ओठांवर वेगळा दिसतो, कारण ओठांचा मूळ रंग खालून डोकावतो. म्हणून क्रम असा ठेवा: नुसते ओठ, एक थर, दोन थर, जेवणानंतर, चार तासांनंतर. मॅट असेल तर दहा मिनिटं आधी लिप बाम लावून तो पुसून घ्या आणि तसं केलंय हेही लिहा. बाम पुसला नाही तर लिपस्टिक सरकते, बाम लावलाच नाही तर सालपटं दिसतात, आणि दोन्ही वेळा दोष लिपस्टिकच्या माथी येतो. रंग सांगताना ‘न्यूड’ हा शब्द टाळा; एकीची न्यूड दुसरीच्या ओठांवर खडूसारखी दिसते. विटकरीकडे झुकते, जांभळटपणा आहे, गुलाबीत थोडा राखाडी आहे, असं सांगा.

घटकांची यादी वाचायला शिकलात तर तुमच्या लेखांचं वजन लगेच वाढेल. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते, पण फक्त १ टक्क्यापर्यंत. त्याखालचे घटक कंपनी कुठल्याही क्रमानं लिहू शकते. एक सोपी खूण आहे: फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह सहसा १ टक्क्याच्या मर्यादेत वापरलं जातं, त्यामुळे त्याच्यानंतर आलेल्या गोष्टी बहुधा १ टक्का किंवा त्याहून कमी असतात. डबीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात मिरवणारा फुलाचा अर्क यादीत शेवटून तिसरा असेल, तर ते वाचकाला दाखवून द्या. मात्र उलटी चूकही करू नका. रेटिनॉलसारखे (व्हिटॅमिन एचा एक प्रकार) घटक १ टक्क्याच्या आतही भरपूर काम करतात, म्हणून ‘यादीत खाली म्हणजे कुचकामी’ असं सरसकट लिहिता येत नाही.

रेटिनॉलवर लिहिताना पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोन किंवा तीन रात्री, दिवसा सनस्क्रीन, आणि गरोदरपणात किंवा त्याची तयारी चालू असताना नाही, ही चार वाक्यं वगळायची नाहीत. व्हिटॅमिन सीच्या सीरमचा रंग फिकट पिवळ्यावरून तपकिरी होत गेला की ते हवेनं बिघडलं असं समजा, आणि बाटली उघडल्यापासून किती आठवड्यांत तसं झालं ते नोंदवा. प्रत्येक डबीच्या तळाला मार्करनं उघडल्याची तारीख घाला. झाकण उघड्या डबीचं चित्र आणि त्यातला ६ किंवा १२ हा आकडा म्हणजे उघडल्यावर तितके महिने. मस्कारा मात्र तीन महिन्यांत बदलावा, तो डोळ्याच्या काठाला रोज लागतो. जळजळ, सूज, पू यांवर सल्ला देणं हे ब्लॉगचं काम नाही. तिथे सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.

कपड्यांनाही हाच न्याय. ‘फिटिंग मस्त’ म्हणजे काय? कपडा सपाट अंथरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं माप, खांद्यापासून खालपर्यंतची लांबी, आणि त्यासोबत तुमची उंची व छातीचं माप द्या. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर येते की खाली घसरते, ते दाखवा. उभं राहून काढलेल्या फोटोखेरीज बसल्यावरचा आणि पाठमोरा असे दोन फोटो हवेतच. बटणांमधली फट आणि पाठीवरची ओढ तिथेच दिसते. तीन धुण्यांनंतर माप पुन्हा घ्या आणि काखेत व मांडीपाशी गोळे आलेत का बघा. कपडा हातात आल्याच्या दिवशीच लिहिलेला लेख अर्धा असतो.

फोटोंवर मेहनत घेता म्हणालात, पण मेहनत बहुधा सजावटीवर जातेय. फुलं आणि संगमरवरी पाट राहू द्या, उजेड सांभाळा. खिडकीपासून साधारण एक मीटरवर, थेट ऊन नको, ऊन असेल तर पातळ पांढरा पडदा. खोलीतले दिवे बंद, हे सगळ्यात महत्त्वाचं. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा असला तर चेहऱ्याची एक बाजू निळी, दुसरी पिवळी येते आणि मग कुठल्याही एडिटिंगनं लिपस्टिकचा खरा रंग परत मिळत नाही. स्वॉचशेजारी (त्वचेवर ओढून बघितलेल्या रंगाच्या पट्टीशेजारी) पांढरा कागद ठेवून एक फोटो काढा, एडिट करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंतच व्हाइट बॅलन्स (फोटोचा निळसर-पिवळसरपणा ठरवणारं सेटिंग) हलवा आणि तिथे थांबा. फोनमधला ब्यूटी फिल्टर बंद आहे ना, ते सेटिंगमध्ये जाऊन बघा; पुष्कळ फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याला तो आपोआप चालू असतो आणि त्वचेचा पोत पुसून टाकतो. फाउंडेशनच्या लेखात पोत पुसला गेला तर मग लेखात उरलं काय? चेहरा फार जवळून काढलात तर नाक मोठं आणि कान गायब होतात, म्हणून दीड मीटर मागे जाऊन फोनची २एक्स (दुप्पट झूमची) लेन्स वापरा. पूर्ण पेहरावाचा फोटो काढताना कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवा, डोळ्यांच्या उंचीवरून पाय आखूड दिसतात. आधीचा आणि नंतरचा फोटो त्याच जागी, त्याच वेळी आणि त्याच अंतरावरून.

आता वाचकांकडे. महिन्याची यादी हा प्रकार तुम्हाला आधीच ओळखणाऱ्यांसाठी आहे. अनोळखी माणूस सर्चमध्ये ‘नाकावर फाउंडेशन का फाटतं’ किंवा ‘गव्हाळ रंगाला विटकरी लिपस्टिक’ असं लिहितो. ‘ऑगस्टमधल्या आवडत्या वस्तू’ कोणी शोधत नाही. म्हणून एक अडचण किंवा एक वस्तू, एक लेख. शीर्षकात वाचकाचेच शब्द ठेवा आणि पहिल्या परिच्छेदात उत्तर देऊन टाका. महिन्याची यादी ठेवायची तर ठेवा, पण ती या लेखांकडे नेणारी अनुक्रमणिका असू द्या. आणि प्रत्येक लेखातून तुमच्याच दोन-तीन संबंधित लेखांना दुवे द्या, नाहीतर आलेला माणूस एक पान वाचून परत जातो.

गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, ते जोडलेलं नसेल तर आधी जोडा. त्यात लोक कुठले शब्द लिहून तुमच्यापर्यंत पोचतात ते दिसतं. जिथे लेख आठव्या ते विसाव्या क्रमांकावर दिसतोय पण क्लिक कमी आहेत, ते लेख आधी हातात घ्या. लोकांनी लिहिलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर त्यात भरा, शीर्षक सुधारा, नवे फोटो टाका. नवा लेख लिहिण्यापेक्षा या कामाचं फळ बहुधा लवकर मिळतं. तरी नव्या ब्लॉगला सर्चमधून नियमित वाचक मिळायला महिने जातात, आठ महिने म्हणजे उशीर झाला असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलनं पानांची गुणवत्ता जोखण्याच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्यक्ष अनुभवाचा मुद्दा वेगळा घातला. तुमच्या हातातल्या डबीचा, अर्ध्या संपलेल्या ट्यूबचा फोटो म्हणूनच कंपनीच्या चकचकीत फोटोपेक्षा मोलाचा. तसेही कंपनीचे फोटो विनापरवानगी उचलणं योग्य नाही.

ब्यूटी ब्लॉग हळू उघडतात ते फोटोंमुळे. कॅमेऱ्यातून आलेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच टाकू नका. रुंदी १,२०० ते १,६०० पिक्सेल, वेबपी (फोटोची फाइल लहान ठेवणारा) फॉरमॅट आणि शक्यतो २०० केबीच्या आत. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, ही गूगलचीच कसोटी आहे. प्रत्येक फोटोला ‘विटकरी मॅट लिपस्टिक, दोन थर, खिडकीचा उजेड’ असा पर्यायी मजकूर द्या. ज्यांना दिसत नाही त्यांना तो स्क्रीन रीडर वाचून दाखवतो आणि इमेज सर्चलाही तोच कळतो. पिंटरेस्टसाठी २:३ प्रमाणातला उभा फोटो, म्हणजे १,००० बाय १,५०० पिक्सेल, वेगळा बनवा. तिथले फोटो महिनोन्‌महिने वाचक आणत राहतात, इन्स्टाग्रामची पोस्ट मात्र दोन दिवसांत खाली जाते. स्वतःचं डोमेन (ब्लॉगचा स्वतंत्र वेब-पत्ता) घ्या आणि ईमेलची यादी पहिल्या दिवसापासून जमवा. सोशल मीडियाचा अल्गोरिदम एका रात्रीत बदलू शकतो, पण ईमेलची यादी तुमच्याकडेच राहते.

किती लिहायचं? आठवड्याला तीन लेख टाकून दोन महिन्यांत दमण्यापेक्षा महिन्याला तीन-चार नीट केलेले लेख पुरतात. चाचणीला चार आठवडे लागतात म्हटल्यावर वेगही आपोआप तेवढाच ठरतो.

फुकट आलेली वस्तू, पैसे, कमिशनची लिंक, यांतलं काहीही असेल तर ते लेखाच्या पहिल्या दोन ओळींत, साध्या शब्दांत सांगा: ‘ही वस्तू कंपनीनं पाठवली, पैसे घेतलेले नाहीत.’ तळाला बारीक अक्षरात नाही. अशा लिंकना कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण द्या. गूगलनं ती २०१९ मध्ये आणली. लेख छापण्याआधी मंजुरीसाठी पाठवण्याची अट असेल तर नकार द्या. तथ्याची चूक दाखवली तर दुरुस्त करा, मत मात्र बदलायचं नाही. आणि कंपनीनं दिलेली मुदत चाचणीच्या चार आठवड्यांपेक्षा कमी असेल तर तसं आधीच कळवा.

या आठवड्यापासून करता येईल असं एक काम सांगतो. जुन्या आठ याद्या उघडा आणि त्यांतल्या ज्या वस्तू अजून वापरात आहेत त्यांच्यावर खूण करा. बऱ्याच वस्तू कपाटात मागे गेलेल्या सापडतील, त्यांचंही कारण लिहा. उरलेल्या चार-पाचांचे स्वतंत्र लेख करा, वर सांगितलेल्या नोंदींसह. प्रत्येक लेखाच्या तळाशी एक जागा मोकळी सोडा आणि डबी संपली की तिथे तारीख घालून भरा: किती महिने पुरली, तळाला किती उरलं जे बाहेर काढता आलं नाही, पुन्हा घेतली की नाही, आणि नसेल घेतली तर तिच्या जागी काय आलं.